शप्पीराआत्याचा सातवा दिवस

माणसाचा खांदा आठवड्याच्या कुठल्याही दिवशी निखळू शकतो. पण आमच्या बेथ-मेलाह गावात तो नेमका शब्बाथलाच, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवशीच निखळायचा, असं माझी आत्या शप्पीरा म्हणायची आणि म्हणताना तिच्या कपाळावरची शीर टरारून उभी राहायची.

आत्या म्हणजे माझ्या बापाची बहीण आणि माझी सासूही. गालीलच्या सरोवराकाठी आमचं मासे खारवणाऱ्यांचं गाव, आणि त्या गावातली हाडं बसवणारी ती. हे काम ती तिच्या बापाकडून शिकली. आजोबा मडकं फोडून त्याचे तुकडे पोत्यात घालायचे, तोंड बांधायचे आणि पोरीला सांगायचे, पोत्यावरून चाचपून मडकं पुन्हा जुळव. ती नऊ वर्षांची असताना तिनं पहिलं मडकं जुळवलं. पुढं चाळीस वर्षं तिनं या काठावरचे हात, पाय, बोटं, बरगड्या जागेवर बसवल्या. तिचा हात फार हलका होता, पण जीभ तशी नव्हती.

"सहा दिवस होडीवर काही होत नाही यांना," ती म्हणायची. "जाळी ओढतील, टोपल्या उचलतील, मिठावरून घसरतील, सगळं नीट. सातव्या दिवशी हातात काम नसलं की मग सुचतं. बाप्ये माणसं जेवून कुस्ती खेळतात. कुणी गच्चीवर झोपतो आणि कुशीवर वळता वळता अंगणात येतो. मग येतात माझ्या दारात, आणि दारात येऊन मलाच सांगतात, आज काही करू नकोस हं, आज शब्बाथ."

शब्बाथला जीव जायची वेळ आली तर सगळे नियम बाजूला ठेवायचे, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. बाळंतपण करा, बुडणाऱ्याला काढा, भिंत पडली तर खणा. पण निखळलेल्या सांध्यानं कुणी मरत नाही, आणि आत्याची सगळी अडचण तीच होती. सांधा बसवणं म्हणजे काम, काम म्हणजे उद्या. निखळलेल्या हातावर गार पाणी धरायचं नाही. पण रोजच्यासारखे हात धुवायला हरकत नाही, धुता धुता बरं वाटलं तर वाटलं. दात दुखला तर शिरका, आंबलेला द्राक्षारस, तोंडात धरायचा नाही. पण भाकरी शिरक्यात बुडवून खायला कुणाची ना नाही. आत्या हे सगळं पाळायची. दर शब्बाथला दारात पाण्याचं घंगाळ ठेवून बसायची आणि येणाऱ्याला म्हणायची, "हात धू बाबा. सावकाश धू. मी काही सांगितलेलं नाही."

असं किती वर्षं निभलं. मग दोस्तई पडला.

दोस्तई सभास्थानाचा सेवक. चाळिशीचा, किडकिडीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिवे लावायचे, ग्रंथाची गुंडाळी काढून द्यायची, मुलांना अक्षरं शिकवायची आणि आदल्या संध्याकाळी शब्बाथ लागायच्या आधी सभास्थानाच्या गच्चीवर चढून तीनदा तुतारी फुंकायची. पहिल्या तुतारीला माणसं शेतातून आणि होड्यांवरून घरी निघायची, दुसरीला दुकानं मिटायची, तिसरीला घरोघर दिवा लागायचा आणि शब्बाथ सुरू व्हायचा.

त्या दिवशी दुपारी पावसाची सर येऊन गेली होती आणि गच्चीवरचं मातीचं लिंपण ओलं होतं. दोस्तईनं दोन तुताऱ्या फुंकल्या. तिसरीसाठी वळला तो पाय घसरून खाली अंगणात. उजवा खांदा पुढं आला आणि हात लोंबायला लागला.

आत्या आणि मी धावत गेलो. अजून उजेड होता, चेहरे स्वच्छ दिसत होते. आत्या जमिनीवर बसली, चप्पल काढली, टाच त्याच्या काखेत रोवली आणि त्याचं मनगट धरलं. फक्त ओढायचं बाकी होतं. आणि तिथं तिच्याकडून चूक झाली. सभास्थानाचा अधिकारी हिल्किया समोरच उभा होता, त्याचा मान राखायचा म्हणून तिनं विचारलं, "ओढू ना?"

हिल्किया म्हणाला, "जरा थांबा, शप्पीराबाई. शब्बाथ लागला का ते बघू."

"तिसरी तुतारी कुठं वाजलीय?" कुणीतरी म्हणालं.

"तुतारीनं शब्बाथ लागत नाही. सूर्यानं लागतो."

"सूर्य ढगात आहे."

"मग तारे बघा. तीन दिसले की झालं."

"ढगात तारे कुठून दिसणार?"

"दिसले नाहीत म्हणजे नाहीत असं कसं म्हणता?"

सात-आठ जाणती माणसं माना वर करून आभाळाकडं बघत होती. आत्या खाली, टाच काखेत, मनगट हातात. दोस्तई घामानं निथळत होता.

"तुमचं ठरेपर्यंत मी ओढून मोकळी होते," आत्या म्हणाली. "चार श्वासांचं काम आहे. तुम्ही अजून दोन वाक्यं बोलाल तोवर होईल."

तेवढ्यात दोस्तईनंच डोळे उघडले. "नको, मावशी."

"का नको?"

"तुतारी मी वाजवतो. माझ्या तुतारीवर सगळं गाव हातातलं काम टाकतं. माझ्यापायीच शंका राहिली तर उद्या कोण ऐकेल?"

आत्यानं टाच काढली. मला आजही तिचा तो चेहरा आठवतो. रडकी नव्हती ती. पण कुणीतरी तिच्या हातातलं भरलेलं भांडं काढून घेऊन ओतून द्यावं, तशी बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दोस्तई सभास्थानाच्या मागच्या खोलीत पडून होता आणि गाव त्याला भेटायला येत होतं. शब्बाथला आजाऱ्याकडं जाऊन रडगाणं गायचं नाही, दुखण्याचा विषय काढायचा नाही, म्हणून येणारा प्रत्येक जण दारात उभा राहून तेच म्हणायचा: "आज शब्बाथ. आज दुःख नको. बरं वाटायची वेळ जवळ आलीच समज." आत्या पायरीवर बसून मोजत होती. दुपारपर्यंत एकतीस झाले.

"जवळ म्हणजे किती जवळ, मी सांगते," ती बत्तिसाव्याला म्हणाली. "माझ्या या दोन हातांइतकी जवळ. इथं पायरीवर बसलीय वेळ, सकाळपासून."

संध्याकाळी तीन तारे दिसले तसं तिनं ओढलं. पण एवढ्या वेळात खांदा सुजून दगड झाला होता, स्नायू आखडले होते. तिघांनी दोस्तईला धरलं. सांधा गेला जागेवर, पण आतून काहीतरी फाटल्याचा आवाज आला, तो तिनं ऐकला आणि मीही ऐकला. त्यानंतर दोस्तईचा उजवा हात छातीच्या वर कधी गेला नाही. ग्रंथाची जड गुंडाळी त्याला उचलेना. तुतारी हिल्कियाच्या पुतण्याकडं गेली. तो ती बेसूर वाजवायचा, आणि दर आठवड्याला ती बेसूर तुतारी ऐकली की आत्या भांडी आपटायची.

"विचारलं कशाला मी?" एवढंच म्हणायची. "ओढायचं होतं. विचारलं कशाला?"

त्यानंतर वर्षभरानं कफर्णहूमहून बातमी आली. तिथल्या सभास्थानात, भर शब्बाथला, नासरेथकडच्या एका फिरत्या गुरूनं एका माणसाचा वाळलेला हात बरा केला. ना ओढलं, ना चोळलं, ना कामट्या बांधल्या. नुसतं तोंडानं सांगितलं. आणि तिथले लोक, हात बरा झाला म्हणून आनंद करायचा सोडून तो कुठल्या दिवशी झाला यावरून पेटले होते.

गावाला वाटलं आत्या खूश होईल. आत्याला त्याचा त्रासच जास्त झाला. एक तर माणसं तिच्याकडं येऊन म्हणायला लागली, "शप्पीराबाई, ओढूच नका ना, नुसतं म्हणून बघा." एका नावाड्याचं बोट सुजलं होतं. तो डोळे मिटून हात पुढं करून बसला आणि ती काय म्हणते याची वाट बघायला लागला. ती जे म्हणाली ते मी इथं सांगत नाही.

दुसरं म्हणजे हिल्कियानं जाहीर केलं की यापुढं शब्बाथला शप्पीराच्या दारात कुणी उभंसुद्धा राहायचं नाही. हात धुवायलाही नाही. घंगाळ उचला.

आत्या त्याच्या मासे खारवायच्या पडवीत गेली. मी बरोबर होते. हिल्किया बाह्या सरसावून मिठात कोपरापर्यंत रुतला होता. लहानपणी दोघं एकाच गल्लीत वाढलेले, त्यामुळं चारचौघांतलं अहो-जाहो एकांतात गळून पडायचं.

"धुण्यातही पाप शोधलंस का रे?" ती म्हणाली.

"धुण्यात नाही. तू धू म्हणतेस त्यात आहे." त्यानं हात झटकले. "शप्पीरा, तू मला दुष्ट समजतेस. दोस्तईचा हात मला रोज दिसतो. पण बघ ना, राज्य रोमकरांचं, कर त्यांचा. तिबिर्या शहरात आपलीच पोरं त्यांच्यासारखे केस कापून हिंडतात. आपलं म्हणावं असं काय उरलंय? हा एक दिवस. सहा दिवस आम्ही कुणाचे तरी नोकर असतो, सातव्या दिवशी नसतो. त्याला एक भोक पडलं की पाणी आत येणारच. आज सांधा, उद्या जाळं, परवा बाजार."

"सांधा आणि बाजार एक?"

"तुला नाही वाटत एक. तुझ्यानंतर येणाऱ्याला वाटेल."

आत्या तिथून निघाली. घरी येताना म्हणाली, "नुसता मूर्ख असता तर किती बरं झालं असतं." आणि तिनं घंगाळ आत घेतलं.

दोस्तईला मात्र तिनं सोडलं नाही. त्या गुरूकडं जा म्हणून महिनाभर मागं लागली. शेवटी तो गेला. आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी गेला, दिवसभर उन्हातून चालत, आणि चौथ्या दिवशी परत आला. हात तसाच.

"भेटला नाही का?"

"पहाटेच होडीनं पलीकडं गेला म्हणाले."

"अरे, शब्बाथला तो सभास्थानात असतोच म्हणतात. आधी जाऊन तिथंच मुक्काम करायचास, शब्बाथला गाठायचास."

"म्हणूनच तिसऱ्या दिवशी गेलो, मावशी. शब्बाथला मागायला नको म्हणून."

आत्या उठून परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

आता हुल्दाकाकूचं सांगते. हुल्दाकाकू सत्तरीची विधवा, गावातल्या बायकांची शब्बाथची पहारेकरीण. कुणाच्या चुलीत निखारा फुंकला गेला, कुणी दोरीला गाठ मारली, हे तिला भिंतीपलीकडून कळायचं. सभास्थानात बायकांच्या बाकावर ती सगळ्यांत पुढं बसायची, म्हणजे सगळ्यांना तिची ताठ पाठ दिसायची.

वल्हांडणाच्या सणानंतरच्या तिसऱ्या शब्बाथला हिल्किया ग्रंथाच्या वाचनावर बोलत होता. उन्हं तापली होती आणि तो नेहमीपेक्षा लांबला होता. विषय, सातव्या दिवशी काय करू नये. पुढच्या बाकावर हुल्दाकाकूनं जांभई दिली. मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी. आणि जांभई संपली तरी तोंड मिटलं नाही.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग शेजारणीनं बघितलं आणि किंचाळली. हिल्किया थांबला. हुल्दाकाकूचा जबडा खाली येऊन पुढं अडकला होता, तोंड आ वासलेलं, लाळ पदरावर गळत होती आणि डोळे घाबरून गरागरा फिरत होते. आत्या चौथ्या बाकावरून उठली.

"शप्पीराबाई," हिल्किया म्हणाला, "खाली बसा."

"जबडा निखळलाय."

"दिसतंय. जीवाला धोका आहे का?"

"तिला गिळता येत नाहीये."

"संध्याकाळपर्यंत न गिळता माणूस राहतो. काल उपास असता तर राहिलीच असती."

पुरुषांच्या बाजूनं कुणी म्हणालं, "उन्हाळा आहे, पाण्यावाचून धोका धरायला हवा." दुसरा म्हणाला, "पाणी ओतून देता येईल, घसा उघडाच आहे." एवढ्यात हुल्दाकाकू जोरात "आ, आ" करायला लागली.

"बघा, ती नको म्हणतेय," हिल्किया म्हणाला.

"ती काहीच म्हणत नाहीये," आत्या म्हणाली. "तिचं तोंड उघडं आहे."

ती हुल्दाकाकूसमोर जाऊन उकिडवी बसली, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "काकू, बसवू का जबडा? बसवायचा असेल तर माझा हात दाबा. नको असेल तर सोडून द्या. दोस्तईसारखंच तुमचंही ऐकेन मी."

मी दोन हातांच्या अंतरावर होते. मला हुल्दाकाकूची बोटं दिसली. पांढरी पडेपर्यंत दाबली होती तिनं.

आत्यानं ओढणीची दोन टोकं दोन्ही अंगठ्यांना गुंडाळली, अंगठे तिच्या मागच्या दाढांवर ठेवले, खाली दाबलं आणि मागं सरकवलं. टक् असा आवाज झाला. एवढंच. हिल्कियाला पुढचं वाक्य सुचायच्या आत झालं होतं.

हुल्दाकाकूनं तोंड मिटलं. उघडून बघितलं, परत मिटलं. लाळ पुसली. आणि पहिलं वाक्य बोलली, "आज शब्बाथ आहे, शप्पीरा. तुला लाज वाटायला हवी होती."

सभास्थानात कुणी हसायचं नसतं, म्हणून कुणी हसलं नाही.

हिल्कियाला राग आवरत नव्हता, पण तो आत्याकडं बघतही नव्हता. बाकीच्यांकडं वळून म्हणाला, "कामाला सहा दिवस दिलेत की नाही? मग ज्याला बरं व्हायचं त्यानं त्या सहा दिवसांत यावं. सातवा दिवस कशाला लागतो?" जणू पहिल्या बाकावर जांभई देऊन सगळ्या गावानंच गुन्हा केला होता.

आत्या उभी होती. "हिल्कियादादा, तुम्ही कामाचं म्हणता. मी काय केलं? काही घडवलं का? काही नवीन लावलं? हिचा जबडा जिथं होता तिथून सरकला होता. सहा दिवसांत देवानं जे जिथं ठेवलं, ते मी तिथंच परत ठेवलं. भांड्यावरचं झाकण सरकलं तर शब्बाथला तुम्ही ते तसंच ठेवता का?"

दोन-तीन माना हलल्या. हिल्कियानं त्या बघितल्या, आणि मला वाटतं त्या माना हलल्या म्हणूनच पुढचं झालं. दुसऱ्या दिवशी जाणत्यांची बैठक बसली. त्यांनी हुल्दाकाकूला विचारलं, तू हात दाबला होतास का? हुल्दाकाकू म्हणाली, "मला आठवत नाही. मी घाबरले होते. मी कशाला दाबीन?"

आत्याला तीस दिवस बाहेर ठेवलं. सभास्थानात यायचं नाही, आणि तिच्यापासून घरच्यांखेरीज सगळ्यांनी चार हात लांब राहायचं.

त्या तीस दिवसांत आमच्या घरासमोर जो गोंधळ झाला तसा मी आयुष्यात बघितला नाही. हाडं काही थांबत नव्हती. माणसं यायची, चार हात मोजून उभी राहायची आणि तिथून ओरडायची, "शप्पीराबाई, घोटा मुरगळलाय!" आत्या ओसरीतून ओरडायची, "सुजलाय का?" "सुजलाय!" "काळानिळा?" "जरासा!" अख्ख्या गल्लीला सगळ्यांची दुखणी पाठ झाली. मी घरची म्हणून मध्ये. आत्या ओरडून सांगेल तसं मी दाबायचं, वळवायचं, बांधायचं. मी हे काम शिकले ते असं, तिच्या शिव्या खात. "उजवा म्हटलं मी, उजवा! तुझा नाही, त्याचा!"

अकराव्या दिवशी, आठवड्याच्या साध्या चौथ्या दिवशी, सकाळी दारात हुल्दाकाकू उभी. चार हातांवर, अगदी मोजून. तोंड आ वासलेलं. एकदा निखळलेला जबडा सैल पडतो, परत निखळतो. ही दुसरी जांभई होती.

आत्यानं तिला बराच वेळ निरखलं. मग मला म्हणाली, "जबडा तुला जमायचा नाही अजून. तू जा आणि हिल्कियाला बोलाव. म्हणावं, आज शब्बाथ नाही, आज काम करायचा दिवस आहे, आणि माणूस बरं व्हायला सहा दिवसांतलाच एक दिवस बघून आलंय. आता चार हातांचं काय करायचं ते सांग."

हिल्किया पडवीतून तसाच आला, हाताला मीठ, कपाळाला घाम. दारात हुल्दाकाकू, ओसरीत आत्या, मध्ये मोकळी जमीन. तो त्या मोकळ्या जमिनीकडं बघत राहिला.

"तीस दिवस म्हणजे तीस दिवस," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"बरं," आत्या म्हणाली. "एकोणीस राहिले. काकू, बसा सावलीत."

हुल्दाकाकूच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. हिल्कियानं मिठाचे हात कमरेला पुसले. "मी बाकीच्यांना सांगतो," तो म्हणाला. "बंदी उठवली म्हणून सांगतो. जा तिच्याजवळ."

आत्यानं पुन्हा अंगठे गुंडाळले. पुन्हा तो आवाज. मग तिनं हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली आणि सांगितलं, महिनाभर पेज प्यायची, जांभई आली की मूठ हनुवटीखाली धरायची. हुल्दाकाकू बसून राहिली. पट्टीमुळं तिला नीट बोलता येत नव्हतं. दातांतूनच म्हणाली, "दाबला होता."

"काय?"

"त्या दिवशी. हात. मी दाबला होता."

"माहीत आहे मला," आत्या म्हणाली. "दोन दिवस बोटं दुखत होती माझी."

हिल्कियानं हे ऐकलं. तो ओसरीच्या कडेला टेकला. मग त्यानं विचारलं, "दोस्तईचा हात त्या संध्याकाळी बसला असता का?"

"बसला असता."

"पूर्ण?"

"पूर्ण." आत्यानं पट्टीची उरलेली घडी घातली. "तू थांब म्हणालास, त्यानं नको म्हटलं आणि मी विचारलं. तिघांनी मिळून घालवला तो."

हिल्किया उठून गेला. मला वाटलं, आता हा नियम बदलेल. नाही बदलला. त्यानं यरुशलेमच्या शास्त्र्यांकडं विचारणा पाठवली, सांधा बसवणं हे काम की झाकण लावणं. वर्षभरानं उत्तर आलं की जाणत्यांची यावर दोन मतं आहेत. आत्यानं ते ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून जाणत्यांना विचारणं बंद केलं. शब्बाथला कुणी निखळलेला सांधा घेऊन आला आणि हो म्हणाला, की ती बसवायची. जुनी कंबरदुखी, मोडून जुळत आलेलं हाड, दुखरा गुडघा घेऊन आला, तर हाकलायची. "हे कालही होतं आणि उद्याही असेल. उद्या ये. मलाही शब्बाथ आहे."

हिल्किया तिला अडवत नव्हता. शब्बाथच्या दुपारी तो आमची गल्ली टाळून मागच्या वाटेनं जायचा, म्हणजे त्याला काही दिसायला नको. याचाही आत्याला संतापच यायचा. "अडवायचं तर समोर येऊन अडव. नाहीतर ये आणि पाय धर. मागच्या वाटेनं काय जातोस?"

एका शब्बाथला वल्ही मारणारा एक दांडगा गडी खांदा लोंबकळत ठेवून आला आणि दारातूनच बसवा म्हणाला. आत्या तेव्हा साठीच्या पुढं गेली होती, आणि माझा नवरा बाहेरगावी. गड्याला मागून धरायला कुणीतरी हवं होतं. गल्लीत दहा माणसं जमली होती, पण बघायला जमली होती. धरलं तर आपणही त्यात आलो, म्हणून सगळ्यांनी हात पाठीमागं घेतले होते. मी एकटीनं धरून बघितलं, तर मीच ओढली जायला लागले.

तेव्हा मागच्या बाजूनं हिल्किया आला. गड्याचं ओरडणं त्याला मागच्या वाटेवर ऐकू गेलं असणार. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. ओसरीतली एक चादर घेऊन गड्याच्या छातीभोवती घातली, दोन्ही टोकं मुठीत धरली, पाय रोवले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. आणि तसं, भिंतीकडं बघतच, जमलेल्यांना सुनवायला लागला. "सहा दिवस आहेत तुम्हाला. सहा. सहा दिवसांत पडता येत नाही का? गच्च्यांना कठडे बांधा म्हणून नियमशास्त्रात सांगितलंय, ते कुणी वाचलंय? शब्बाथला कुस्ती खेळा असं कुठं लिहिलंय?"

"हिल्किया," आत्या म्हणाली, "बोलू नकोस. तू बोललास की चादर सैल होते."

त्यानं तोंड मिटलं आणि चादर आवळली. आत्यानं टाच काखेत रोवली, मनगट धरलं आणि कुणालाही न विचारता ओढलं.